एकाच दुधाचे

प्रयोगशाळेतल्या बाईने स्टूल सरकवलं माझ्याकडे,
म्हणाली, बघायचंय तर बघा.
गोटीसारखं गोल, जांभळं, मुकाट
असं काहीतरी असायला हवं होतं तिथे.
ते दुमडून चार-पाच पाकळ्यांचं झालं होतं.
फूलपेशी म्हणतात हिला, ती म्हणाली
आणि घाईने चष्मा पुसू लागली,
जणू नाव तिनेच ठेवलं होतं.

शिगेनोरी, माझा थोरला.
चाळीस वर्षं फुकुए बेटावर
कॅमेलियाच्या बिया कुटून तेल काढतोय.
फुलं म्हणजे कचरा, म्हणायचा. बी खरी.

थंडी सुरू होताना त्याला तहान लागली.
एका रात्रीत तीन किटल्या चहा.
मांजरीला आईच्या नावाने हाक मारली,
तोवे, ए तोवे,
आम्ही पोट धरून हसलो.
हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरत होतं,
हे नागासाकीला आणल्यावर कळलं.

डॉक्टर मात्सुओ कागदावर बाण काढतात.
विषाणू दुधातून आला.
टी-पेशीत साठ वर्षं पडून राहिला.
शंभरातल्या चार-पाच जणांतच उठतो.
आता केमो. मग ते इंजेक्शन,
पेशीच्या अंगावरची खूण ओळखून चिकटणारं.
आणि जमलंच तर कुणाचा तरी अस्थिमज्जा.

माझा घ्या. बाही मी आधीच वर केली होती.

जुळला. तंतोतंत जुळला.
आणि तो विषाणूही, माझ्यातही, झोपलेला.
डॉक्टरांनी माझं नाव खोडलं नाही,
फक्त यादीत खाली ढकललं
आणि अनोळखी दात्यांच्या नोंदी उघडल्या.

आईच्या दुधाला जागावं म्हणतात.
आम्ही दोघं जागलो.

तिला कधी कमी पडलं नाही.
शेजारीण तापाने फणफणली तेव्हा
तिचा पोरगाही तिने छातीशी धरला, सात महिने.
गावात अजून कौतुकाने सांगतात.

शिगेनोरीची लेक आठव्या महिन्यात आहे.
तिचीही तपासणी झाली, निकाल चांगला.
तरी डब्याच्या दुधाची किंमत विचारून आली.

परतीच्या फेरीवर दोरखंड सोडायला
साएकी उभा. तोच पोरगा, एकसष्टीचा.
ताई, दादा कसाय?

पाणी पितोय, मी म्हटलं.
खूप पितोय.
तो हसला. मग चांगलंच की.

बंदर मागे पडेपर्यंत मी त्याच्या मनगटाकडे बघत होते,
त्या निळ्या शिरेकडे,
आणि वाक्य कुठून सुरू करावं ते शोधत होते.
तीन तास होते माझ्याकडे.