फेब्रुवारीच्या शनिवारांचं टाचण
(अत-बाशी, ग्रामवाचनालय, बालविभाग)

पहिला शनिवार : कोंबडी.
सोपं आहे. कोंबडी घरोघर आहे
आणि तिच्यावर कुणाचा राग नाही.
पुठ्ठ्याचे तुरे कालच कापले, चौदा.
पंधरावा नुरदोलोतला नको,
तो म्हणतो, मी ट्रॅक्टर आहे.
ट्रॅक्टरनं दाणे टिपले तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्या शनिवारी घोडा होता.
पण ज्या गावाचं नावच घोड्याचं डोकं
तिथल्या पोरांना घोडा काय सांगायचा?
मागच्या वर्षी सांगून पाहिला.
'घोडा दुडक्या चालीनं निघाला,' एवढंच म्हणाले,
तर बेगायिमनं, वय वर्षं चार, हात वर केला :
नाल मारली होती का?
बर्फावर बिननालेचा निघाला असेल
तर गोष्ट लवकर संपेल.

घोडा खोडला. हत्ती लिहिला.
हत्ती कुणीच पाहिलेला नाही, मीसुद्धा.
सगळे सारखेच अडाणी असले
की एका नमद्यावर गुण्यागोविंदानं बसतात.
सोंडेला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी.
सायरागुल ती धुऊन आणते आहे,
गेल्या सोमवारपासून.

तिसरा शनिवार : लांडगा.

इथं टाचण अडलं.

ऐजिरेकची आई आली. दारातच बूट झटकत
भिंतीवरच्या कागदाकडे न बघता म्हणाली,
ते झाका.
मेंढ्या व्यायला आल्या आहेत.
आमच्याकडे या दिवसांत त्याचं नाव काढत नाहीत.
नाव काढलं की तो हजर.

माझ्याकडे बिश्केकचं प्रमाणपत्र आहे,
तीन दिवसांचं शिबिर, दोन वेळचा चहा :
'प्राणिकथांतून भीतीची ओळख.'
ते मी सांगणारच होते.
तोंड उघडलं, आणि आतून वडील बोलले,
उन्हाळी कुरणावरच्या तंबूत, दिवा बारीक करून,
'पलीकडच्या उतारावर तो आलाय.'
नुसतं 'तो'. आम्ही भावंडं
पांघरुणाखाली पाय आखडून घ्यायचो.

मी कागदावर कॅलेंडर टांगलं.
ती जाता जाता म्हणाली,
गेल्या थंडीत एका रात्रीत एकोणीस.
पोरगी माझ्याबरोबर गोठ्यात आली होती, कंदील धरून.

मग कपाट उघडून ऐजिरेकचं जुनं चित्र शोधलं.
पांढरा कागद, पांढऱ्या खडूनं आणखी पांढरा केलेला,
त्यावर लाल ठिपके.
मी खाली लिहिलं होतं, 'किती सुंदर फुलं!'
वर सोनेरी चांदणी चिकटवली होती.
चांदणी नखानं काढायला गेले,
कागद फाटायला लागला. राहू दिली.
ठिपके मोजले नाहीत.

तिसरा शनिवार, नव्यानं :
एका जनावराची गोष्ट, नावाशिवाय.
घरी त्याला काय म्हणतात ते ज्यानं त्यानं
माझ्या कानात येऊन सांगायचं.
राखाडी मामा. डोंगरातला पाहुणा. शेपटीवाला.
(ही मला माहीत असलेली. आणखी निघतील.)
गोष्ट हळू आवाजात. दार लावून.
लोकरीचे करडे कान शिवून तयार आहेत, एकच जोडी.
कुणाला द्यायचे ते ठरवायचं नाही,
खोक्यात ठेवायचे, झाकण उघडं.
ऐजिरेकला दाराजवळची जागा.
कंदील नको.

चौथा शनिवार : पोरांना विचारणे.
नुरदोलोत ट्रॅक्टर म्हणेल. म्हणू दे.

रात्री साडेअकरा. टाचण संपवून सही केली.
नदीपलीकडे गावातली कुत्री एकदम उठली,
एकामागून एक, खालच्या आळीपर्यंत.
समासात लिहिलं : कुत्री भुंकली.
कुणावर, ते लिहिलं नाही.
सायरागुलला नळीची आठवण करणे.