प्रश्न तेविसावा

जिंतूरच्या अलीकडं नऊ किलोमीटर,
पाण्याच्या टाकीखाली अंगणवाडी क्रमांक दोन.
मी पर्यवेक्षिका. पर्समध्ये तपासणीचा नमुना,
एकेचाळीस प्रश्न. होय किंवा नाही.

सकाळी एक अंगणवाडी करूनच आले होते:
भिंतीवर तक्ते, तक्त्यांवर प्लास्टिक,
खेळणी कपाटात, कपाटाला कुलूप,
"मळतात हो मॅडम."
हाताची घडी घालून बसलेली बावीस लेकरं.
छत्तीस होय दिले मी तिथं. सही केली. चहा घेतला.

इथं दैवशाला घुगे उठलीसुद्धा नाही.
मांडीवर एक झोपलेलं,
दुसऱ्याचं नाक पुसणं चाललेलं.
"बसा की. तेवढं हे होऊ द्या."
वजनकाटा बंद. लिहून घेतलं.
चटई कडेनं उसवलेली. तेही घेतलं.
खिचडीत मीठ अगदी बेताचं,
त्याला रकाना नाही.

उंबऱ्यावर एक पोर.
हजेरीत समीक्षा परसराम राठोड,
तांड्यावर गुड्डी.
मुठीत याडीच्या ओढणीचा तुकडा,
त्यावर आरशाची एक टिकली.
"अठरा दिस झाले," मदतनीस सोजरबाई म्हणाली,
"आत येईना. आम्ही बी वढत न्हाई.
उंबरा बी अंगणवाडीचाच की, बाई."
आणि चिंचोक्यांचा डबा तिच्यापुढं सरकवून
ती आपली तूरडाळ निवडत बसली, तिथंच, शेजारी,
दोघींना एकच काम असल्यासारखी.

प्रश्न तेविसावा:
बालकांना एक ते दहा अंक येतात का?
मी विचारलं, साहेबी आवाजात,
आणि लेकरं माझ्या चपलांकडं बघत राहिली.

मग उंबऱ्यावरून,
मला नाही, चिंचोक्यांना:
"एक. दी. तीन."

दोन! माझ्या ओठांवर आलंच होतं.
जीभ दाताला टेकलेली होती.
दैवशालेनं माझ्याकडं न बघता
"दी," म्हटलं, साधंच, वाटीत वरण वाढावं तसं.
मग नुकतं नाक पुसलेला म्हणाला, दी.
मग सगळी लेकरं. कुलूप नसलेलं
एक खेळणं सापडलं होतं त्यांना.
दी, दी, दी.
मांडीवरचं झोपलेलंही जागं झालं.

गुड्डीनं मान वर केली.
एक पाय आत टाकला.
पुन्हा बाहेर घेतला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतूरला, दुसरीत असताना,
मी "व्हय" म्हणाले की बाई म्हणायच्या, "होय म्हण,"
आणि पट्टी बोटांच्या पेरांवर, आडवी.
होय शिकले मी. चांगलं शिकले.
त्यावरच तर पगार चालू आहे.
फक्त वर्गात कधी काही विचारलं नाही पुन्हा.
चौथीपर्यंत नाही. नंतरही नाही.

दुपारी खिचडीची भांडी घासल्याचा आवाज,
टाकीतून ठिबकणारं पाणी,
आणि मी नमुना मांडीवर घेऊन बसलेले.
तेवीसच्या पुढं दोन चौकोन.
दोन्ही कोरे सोडले,
मधल्या जागेत पेनानं लिहिलं: व्हय.

तालुक्याला संगणकावर भरणारा पोरगा विचारेल,
मॅडम, हे कुठं टाकू?
विचारू दे.

शेरा: वजनकाटा तातडीनं मिळावा.
चिंचोके पुरेसे आहेत.