चव्वेचाळीस अक्षरं

माझ्या कोठीघरात, सफरचंदाच्या मुरंब्याला खेटून
हिल्लारने एक जुना संगणक मांडलाय.
झाकण नाही, पोट उघडं, पंखा घरघरतो.
भर थंडीतही त्या फळीवरचं लोणी मऊ राहतं.
तो त्याला सर्व्हर म्हणतो. मी भाडेकरू म्हणते.

आत काय, तर एकतीस वर्षांचे कलहंस.
कायनाच्या खाडीवर दुर्बिणीला डोळा लावून
पायातल्या कड्यांवरची अक्षरं वाचत टिपलेले:
कोण आलं, कुणाबरोबर, पिल्लं किती,
कोण यंदा दिसलं नाही.
वह्या स्कॅन करण्यात माझे दोन हिवाळे गेले.

हे हंस थंडीला हॉलंड गाठतात.
तिकडे आमलान्ड बेटावर फेना त्यांची वाट बघते.
तिचीही वही आहे, पण गुडघे आता बांधापर्यंत नेत नाहीत.
म्हणाली, तुमची पानं मला घरबसल्या बघू द्या,
दोन्ही टोकं जुळवून बघते.

मार्चमध्ये हिल्लारने एक दार उघडलं, बावीस नंबरचं,
आणि कॉफी घेऊन बसला.
कप अर्धा व्हायच्या आत
पहिला ठोका.
मग कुणी ‘रूट’ म्हणून, कुणी ‘ॲडमिन’ म्हणून,
कुणी नुसतेच एक-दोन-तीन-चार पुटपुटत.
रात्री दोन ते चार: चौदाशे छप्पन्न.
आमच्या वाटेवर पोस्टवाली सोडली
तर वर्षाकाठी कुणी कडी वाजवत नाही.

सवय जात नाही माणसाची.
त्याने हंसांचीच वही ओढली आणि लिहायला लागला:
वेळ, दिशा, थवा केवढा.
तिसऱ्या संध्याकाळी मी विचारलं, यातला कलहंस कोण?
तो बराच वेळ पान बघत राहिला.
मग उठून दार लावलं.

पुढच्या आठवड्यात खाडीवरून, फोनवर बोटं आपटत
त्याने नियम लिहिला: सगळ्यांना मनाई.
सगळ्यांत तोही आला.
तीन किलोमीटर, ओल्या बर्फातून, स्वतःच्या घरात शिरायला.
बुटांसकट थेट कोठीघरात गेला.
मी टॉवेल दिला. बोलले काहीच नाही,
आणि तेच त्याला जास्त लागलं.

आता भुयार आहे.
दोन किल्ल्या: एक द्यायची,
एक कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही.
मलाही नाही.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. मी बरं म्हटलं.
फेनाने आपली द्यायची किल्ली फोनवर वाचून दाखवली.
मोठा टी, छोटा क्यू, सात,
छोटा एल की आय? एल, एल, लोण्यातला एल!
चव्वेचाळीस अक्षरं, आणि शेवटचं बरोबरचं चिन्ह,
जणू कुठलातरी हिशेब जुळला.
हिल्लार अजिबात चुकला नाही.
जन्मभर वाऱ्यात हलत्या पायांवरची अक्षरं वाचलेला माणूस.

परक्याने ठोठावलं तर भुयार
‘नाही’सुद्धा म्हणत नाही.
भिंत गप्प. बाहेरच्याला वाटावं,
इथे घर नाहीच, नुसतं गवत आहे.
ठोके अजून पडतात. मोजणं त्याने सोडलंय.

त्या दिवशी पडद्यावर ओळ आली:
शेवटची हातमिळवणी, अकरा सेकंदांपूर्वी.
हिल्लारने चष्मा पुसला.
फेनाचा लगेच फोन. चौऱ्याण्णवच्या पानावर
हा लाल डाग कसला, रक्त आहे का?
मी म्हटलं, मुरंबा.
ती इतकी हसली की खोकला लागला,
मग म्हणाली, तो डाव्या पायाचा, के-नऊ,
तो माझ्याकडे सहा हिवाळे होता. तुमच्याकडे कधी थांबला?
हिल्लार वही शोधायला धावला,
वही समोरच होती.

रात्री बरणी काढायला मी कोठीघरात जाते.
कधी हिरवा दिवा स्वस्थ असतो,
कधी भराभर लुकलुकतो.
तेव्हा मी दार हळू लावते,
आत कुणी वाचत बसलेलं असावं, तसं.