आणखी खोल

मी नुसता मेण कापणारा.
रोगाला नाव देतात त्या डॉक्टर मरुशिच,
पुंता आरेनासच्या या खोलीत, जिथे वारा
थकलेला हप्ता मागायला आल्यासारखा
दार वाजवत राहतो.

तुकडा आला मंगळवारी: वाटाण्याहून लहान,
जिभेच्या उजव्या कडेचा.
एलेउतेरियो नावेल्किन, वय एकसष्ट, मेंढपाळ.
अर्जावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं:
कुत्र्यांना शीळ घालता येत नाही.

पहिल्या काचेवर वरच्या थराची मुळं
खाली खाली घुसलेली, चिखलात बोटं रुतवावीत तशी.
डॉक्टर गप्प.
मीही पाहिलं दुसऱ्या नळीतून
आणि मनातल्या मनात
त्या माणसाची अर्धी जीभ कापून टाकली.

"थांब," त्या म्हणाल्या, "हे वरवरचं आहे.
आणखी खोल काप."

चार मायक्रॉन. पुन्हा चार.
कोमट पाण्यावर मेणाची फीत पसरली,
श्वास लागू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

खाली बसलेल्या होत्या
फुगीर, फिक्या गुलाबी पेशी,
पोटात रवा भरल्यासारख्या,
केंद्रक बारीक, अध्यात ना मध्यात.
मज्जातंतूच्या आवरणातून आलेल्या;
तपकिरी रंग दिला, तो निमूट प्यायल्या.
बोंब ठोकली होती ती वरच्या थरानं, उगाच.

"ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. सौम्य."
सही झाली. गार चहा त्यांनी तसाच संपवला.

एलेउतेरियोला मी पाहिलेलं नाही.
त्याचा ठोकळा खणात आहे, चारशे बारा.
कधी रात्री कुलूप लावताना
ओठ आवळून शीळ घालून बघतो.
मला जमत नाही.