साखर पेठेतला खांदा

बाहेर चव्वेचाळीस.
डांबर चपलेला धरून ठेवतंय
आणि मी कार्डावर लिहिते :
नरसूबाई येमूल, वय छप्पन्न,
उजवा खांदा गोठलेला.

"गोठला?" ती हसते.
"सोलापुरात? वैशाखात?"

साखर आहे का, विचारते.
"राहायलाच साखर पेठेत की मी.
रक्तात येणार नाही का बाई."

कोपराखाली हात अजून पोरीचा आहे.
मांडीवर सूप घेऊन रोज हजार विड्या :
पान, तंबाखू, वळण, दोरा,
नखानं तोंड मुडपणं. सगळं जमतं.
अडतं ते कोपराच्या वर.
हात पाठीमागे न्या, म्हटलं
तर अंगठा माकडहाडाच्या जरा वर थांबतो,
पुढे दुसऱ्याचं अंगण असल्यासारखा.

"अंबाडा सून घालते," ती सांगते.
"घालते बिचारी. बोलत नाही काही.
ते जास्त दुखूलालंय."

टेबलावर उताणी झोपवते.
एका हातानं फऱ्याचं हाड दाबून धरायचं,
दुसऱ्यानं दंडाचं डोकं
खाली सरकवायचं, किंचित मागे.
सरकतं तांदळाच्या दाण्याएवढं.
कधी कण्यांएवढं.
पुस्तकात या ओढीला आकडे आहेत, एक ते चार.
माझी बोटं मात्र इतकंच ओळखतात :
इथे सांध्याची पिशवी आखडलीय,
आणि इथे बाईनेच श्वास धरलाय.

मागच्या बोळात यंत्रमाग खटखटतो,
त्याच्या तालावर ती मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि विसाच्या पुढे गेलं
की नुसतं मेल्लगा, मेल्लगा.

चौथ्या आठवड्यात मी घाई केली.
खोटं कशाला बोलू,
बाहेर सहा पेशंट बसले होते, पंखा बंद होता,
मी शेवटच्या टोकाला जोर लावला.
ती ओरडली नाही. पैसे दिले, गेली.

पाण्याचा दिवस गेला, त्यानंतरचाही गेला.
मग आली. डोळ्यांखाली न झोपलेल्या रात्री,
हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत तेंदूची दोन पानं.
एक कोरडं. वाकवलं, कडकन मोडलं.
दुसरं ओल्या फडक्यातलं. बोटाभोवती फिरलं
गप.

"रात्रभर भिजवतो आम्ही," ती म्हणाली,
"मग कात्री घेतो हातात.
तू आल्या आल्या कात्री लावूलालीस."

अकरा वर्षं झाली मला या टेबलापाशी.
भिंतीवर फ्रेम आहे, तिच्यावर शिक्का आहे.
त्या दिवसापासून आधी शेक, वीस मिनिटं,
मग गप्पा : जावयाची रिक्षा, विड्यांची छाट,
कारखान्यात कोण पानं कमी मोजून देतो.
आणि मग हात, तोही उसना मागितल्यासारखा.

कोनमापक काय म्हणाला ते लिहून ठेवलंय.
पंच्याऐंशी. शंभर.
पुतण्याच्या लग्नात लाडू वळले, परत नव्वद.
एकशे अठरा.
माझ्याच अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली
ते कुठे लिहिलेलं नाही.
तिनं ती न विचारता ओळखली,
खोबरेल लाव म्हणाली, झोपताना.

एका सोमवारी अंबाडा तिरका होता,
आकडा अर्धा बाहेर,
मानेवर दोन बटा सुटलेल्या.
मी काही बोलले नाही.
टेबलावर चढता चढता तीच म्हणाली,
"सून बोलली आज. तिरका झालाय म्हणाली."
आणि इतकी हसली
की त्या दिवशी खांदा मला सापडेचना.

शेवटचे वीस अंश राहिलेच.
तिला ते नको होते. "एवढ्या वर
माझं काहीच ठेवलेलं नाही," म्हणाली
आणि यायची थांबली.

गड्डा उठला, थंडी पातळ झाली.
परवा संध्याकाळी दाराचा पडदा
कुणीतरी उजव्या हातानं वर धरला,
चांगला वर, चौकटीला टेकवून.
दुसऱ्या हातात शेंगाचटणीची पुडी,
पण तो हात अंगाला चिकटलेला.

"आता डावा," नरसूबाई म्हणाली.
"त्याला वाटलं, त्यानं काय पाप केलंय."

मी पाणी तापायला ठेवलं.