येर्बाचा चोथा

सहाला ते जातात, सव्वासहाला मी येते.
माँटेव्हिडिओ, रिंकॉन रस्ता, विमा कंपनीचा तिसरा मजला.
एकोणीस टेबलं, एकोणीस टोपल्या.
माणसं तोंडाने काही का सांगेनात,
टोपली खोटं बोलत नाही.

हिशेबनीस रामिरो बेर्मूदेस
जेवणाच्या सुट्टीत पृथ्वीची फार काळजी करतो म्हणे.
त्याच्या टोपलीत पाठकोरे कागद, रोज वीतभर.
ते मी घरी नेते. आधी नावं कात्रीने कापून टाकते,
मग माझी नात इर्मा त्यांच्या पाठीवर घोडे काढते.
पुढे कुणाच्या मोटारीचा अपघात,
मागे घोडा. चार पायांचा, कधी पाचसुद्धा.

खिडकीजवळच्या सेनिया बाईंची टोपली रिकामी.
कायम रिकामी. मला वाटायचं, बाई काम करत नाहीत.
एकदा उशिरापर्यंत थांबलेल्या दिसल्या:
फडक्यात गुंडाळलेला पाव,
सफरचंदाची सालं रुमालात बांधून पर्समध्ये.
"कोंबड्यांसाठी," म्हणाल्या, इतक्या ओशाळून,
जणू मी चोरीच पकडली.

आणि येर्बा.
आमच्याकडे दिवसभर तीच चालते,
पोखरलेल्या भोपळ्यात भिजवून धातूच्या नळीने ओढायची,
काखेत गरम पाण्याचा थर्मास.
एकच भोपळा सगळ्यांच्या हातून फिरतो,
म्हणून कागदी पेले आमच्या मजल्यावर आलेच नाहीत.
यात शहाणपण काही नाही, सवय आहे.
पण चोथा! ओला, हिरवा, जड,
पिशवी फाडून माझ्या चपलांवर ठिबकणारा.
दिवसाला चार किलो.
टपालाच्या काट्यावर मोजलाय मी, कुणी नसताना.

मग पाऊस रुसला ते वर्ष.
धरण आटलं, नळाला खारट पाणी आलं.
येर्बा ओढली की जिभेवर समुद्र.
इर्मा म्हणाली, आजी, तू रडलीस का यात?
आणि टोपल्यांत बाटल्या. बाटल्यांवर बाटल्या,
निळ्या बुचांच्या, चेपलेल्या, कण्हणाऱ्या.
तहानेचाही कचरा होतो, हे मला तेव्हा कळलं.
शौचालयातला नळ मात्र गळतच होता.
तीनदा सांगितलं. चौथ्यांदा
भाऊ वॉशिंग्टनकडून पाना मागून आणला
आणि वॉशर मीच बदलला.
अर्धं पाव भाकरीलाही महाग नव्हता तो वॉशर.

त्याच आठवड्यात मी चिठ्ठी लिहिली,
पाठकोऱ्यावरच:
'या बादलीत चोथा. फक्त चोथा. नेलिदा, सफाई.'
दुसऱ्या दिवशी बादली कोरडी,
चिठ्ठीवर लाल शाईने माझं शुद्धलेखन सुधारलेलं.
तिसऱ्या दिवशी तळाशी मूठभर चोथा.
सेनिया बाई असणार.
नंतर सिगारेटची थोटकं, एक दात कोरायची काडी,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती.
ते सगळं मी वेचत राहिले.
कधी भरायला लागली, नेमका दिवस नाही सांगता यायचा.

आता रात्री बादली घेऊन सेरोच्या बसमध्ये चढते.
ड्रायव्हर म्हणतो, हिचं तिकीट?
वॉशिंग्टन म्हणतो, तुझ्या ऑफिसचा उष्टा चहा
आमच्या परसात कशाला?
म्हणतो, आणि फावडं घेऊन उठतो.
पहिल्या वर्षी काही आलं नाही, नुसत्या गोगलगायी.
दुसऱ्या वर्षी चुकंदर,
पालक माझ्या तळव्याहून मोठा.

परवा त्यातली एक जुडी सुतळीने बांधून
रामिरोच्या टेबलावर ठेवली.
चिठ्ठी नाही. शुद्धलेखनाची भीती.

काल टोपली पाहिली.
पालक नव्हता, पान नाही, देठ नाही.
पाठकोरे कागद होतेच, वीतभर.
वर सुतळी, गाठ न तोडता सोडवलेली,
बोटाभोवती गुंडाळून ठेवावी तशी.

कागद इर्मासाठी घेतले.
सुतळी मी खिशात टाकली.