पाचशे शब्दांत

त्यांना माझा उद्देश हवाय, पाचशे शब्दांत.
मथळा धरून की सोडून, ते कुठं लिहिलेलं नाही.
रात्रीचे साडेअकरा. तासगावात लाईट आहे,
एवढं तरी आजच्या दिवसाचं भलं.

आई शेडवरून आली तेव्हा साडीला
गंधकाच्या धुरीचा वास होता.
तिनं हात धुतले, परत धुतले, भाकरी थापली,
आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली,
काय लिवतीस एवढं?
मला तिथं का जायचंय, ते.
मग लिव की, जायचंय म्हणून.

हे झाले दोन शब्द, इंग्रजीत फार तर पाच.

आरवाडे सर म्हणाले होते, सुरुवात कष्टांनी कर,
तिकडच्या कमिटीला कष्ट आवडतात.
वडील लहानपणीच गेले, हे पहिल्या परिच्छेदात घे.
वडील गेलेले नाहीत, सर,
विट्याला असतात. दुसऱ्या घरी.
मग ते राहू दे, म्हणाले.

मी लिहिलं, लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती.
खोटं. लहानपणापासून मला झोपेची ओढ होती.
खोडलं.
लिहिलं, माझा प्रकल्प: कॅमेऱ्यानं बेदाणा निवडणे.
हिरवा, पिवळा, काळा, चार हजार दाण्यांचे फोटो.
वर्गीकरण तज्ज्ञाकडून करून घेतले.

तज्ज्ञ आत्ता भिंतीला टेकून
घोट्याला बाम चोळतेय.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं ते चार हजार दाणे
ताटात घेऊन एकेक सांगितले होते,
हा एक नंबर, हा दोन, हा खाली टाक,
आणि मी एक्सेलमध्ये भरत गेले.
पंधरा दिवसांनी तेच दाणे परत दिले, न सांगता.
सातशेवर दाण्यांनी ढीग बदलला.
सरांच्या भाषेत ही गडबड, हिशेबातून वजा करायची.
आईला विचारलं. ती हसली नाही, रागावली नाही.
तवा सौदा पडला हुता, म्हणाली.
भाव पडला की व्यापारी खोड काढतोय,
मग एक नंबर आपणच कडक धरायचा.
आन त्या दिशी ढगाळ हुतं.

पडलेला सौदा आणि ढगाळ दिवस
मशीनला कसे शिकवायचे?
खरं तर एवढ्यासाठीच जायचंय मला.
लिहिलं. वाचलं. बरं वाटलं.
आणि त्याच्या खालचं वाक्य आपोआप उमटलं:
या संशोधनामुळे मनुष्यबळाची गरज
सत्तर टक्क्यांनी कमी होईल.

कर्सर त्या टिंबापाशी उघडमीट करत राहिला.
शेडवर बत्तीस बायका आहेत.
सत्तर टक्के म्हणजे बावीस बायका आणि एकीचा हात.
मंदाकाकी, हौसाक्का, सुतारांची नवी सून,
ती मोबाईलवर गाणी लावणारी सावळजची…
मोजत गेले, आणि
आईच्या अलीकडं थांबले.

तुझं नाव घालू का गं यात?
कशात?
दाणे कुणी निवडले, तिथं.
घाल की. शालन म्हेत्रे.
इंग्रजीत म्ह नीट काढ, बँकवाले चुकवत्यात.

शब्द मोजले, अकरा जास्त.
'अत्यंत' काढला. 'मनापासून' दोनदा होता, दोन्ही काढले.
सत्तर टक्क्यांचं वाक्य गेलं
तर एका फटक्यात सगळं बसतं.
पण ते गेलं तर पैसे देतील कशाला?
आणि राहिलं,
तर त्याच पानावर तिचं नाव कसं राहील?

आईनं अंथरूण टाकताना ओचा झटकला.
एक दाणा घरंगळत लॅपटॉपपाशी आला.
सांग बरं, कुठल्यात हा?
ट्यूबखाली धरला, हिरवा. खिडकीशी नेला, पिवळा.
मी कितीतरी वेळ तो बोटांत फिरवत बसले.
खा आता त्यो, म्हणाली, आन झोप.
सकाळी सहाला टेम्पो येतोय.